ओढ नसलेलं पाणी

१

दर रविवारी सकाळी सात वाजता विश्वनाथराव खाली स्कूटरचा हॉर्न दोनदा वाजवायचे आणि मी पांढरा इनॅमलचा ट्रे काखेत मारून जिना उतरायचो. सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये ते तळमजल्यावर, आम्ही वरच्या मजल्यावर. नऊ वर्षं हा नेम चालला. यमुनाकाठचा पुराचा सखल पट्टा, म्हणजे खादर, नजफगढच्या बाजूची दलदल, गावोगावचे जोहड, म्हणजे आपण ज्याला गावतळं म्हणू, असं हिंडून आम्ही पाणवनस्पती गोळा करायचो. घरी माशांच्या टाकीत लावायला.

हा नाद मला त्यांनीच लावला. माझ्याहून दहा वर्षांनी मोठे. केंद्र सरकारच्या एका खात्यात ते वनस्पतींची ओळख पटवायचं काम करत. परदेशातून आलेल्या धान्यात एखादं अनोळखी बी सापडलं की ते त्यांच्या टेबलावर यायचं. तळ्याकाठी उकिडवे बसून ते ट्रेमध्ये पाणी घ्यायचे, उपटलेलं रोप त्यात अलगद पसरायचे आणि भिंग डोळ्याला लावायचे. पानाच्या कडेला दात आहेत का, शिरा किती, पेरावर पानं किती. मला प्रत्येक रोप नेहमीचं हायड्रिलाच वाटायचं. ते म्हणायचे, "वाटतं म्हणू नकोस दीना. फूल पाहिल्याशिवाय नाव सांगायचं नाही. चुकीचं नाव देणं म्हणजे खोटी साक्ष देणं."

त्यांची अवनी आणि माझी अबोली एकाच वर्षी जन्मल्या, एकाच अंगणात वाढल्या. पद्मजाला, म्हणजे माझ्या बायकोला, अबोलीच्या वेळी रक्त लागलं तेव्हा मध्यरात्री रक्त देऊन आलेला माणूस विश्वनाथराव होता. माझ्या सख्ख्या भावापेक्षा मी त्यांना जवळचा मानत होतो.

१९९४ साली मी सरकारी नोकरी सोडली. टेलिफोनची यंत्रं बनवणारी एक नवी कंपनी नोएडात आली होती, पगार अडीचपट होता. सगळेच तेव्हा काही ना काही सोडत होते. आम्ही सेक्टरातल्या एका सोसायटीत फ्लॅट घेतला. रविवार महिन्यातून एकावर आला, पण मोडला नाही.

२

मार्च १९९६ मधल्या पहिल्या रविवारी विश्वनाथराव न कळवता नोएडाला आले. हातात झाकणाची बादली.

अवनी वर्षभर आजारी होती. बारीक ताप, गळून जाणं, बोलणं कमी. किती डॉक्टर झाले, निदान होत नव्हतं. मी दारातच विचारलं, "अवनी कशी आहे?"

"बरी होईल," ते म्हणाले आणि बादली सरळ बाथरूममध्ये नेली.

आत ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळलेली जुडी होती. हातभर लांब, फितीसारखी पानं. इतका गडद हिरवा रंग मी दिल्लीच्या पाण्यात पाहिला नव्हता. पप्पनकलांजवळच्या एका जोहडात मिळाली म्हणाले. दिल्लीच्या द्वारका उपनगराचे नवे सेक्टर आखत होते तिकडे. जोहड बुजवणार होते, म्हणून जमेल तेवढी काढून आणली.

"काय आहे?"

"वॅलिसनेरिया."

मी हसलो. "फूल पाहिलंत?"

"अरे, इतकी वर्षं डोळे काय गवत पाहत बसलेत का?" त्यांचा आवाज चढला. लगेच उतरलाही. "वॅलिसनेरियाच आहे. लाव."

एरवी बाहेरून आणलेलं रोप आम्ही लाल औषधाच्या पाण्यात बुडवून मगच टाकीत घालायचो, जळवा आणि गोगलगायी मरतात म्हणून. त्या दिवशी ते नको म्हणाले. पानं नाजूक आहेत, जळतील. टाकी हॉलमध्ये होती. ती जागाही त्यांना पटेना. "इथे ऊन येतं, काचेवर शेवाळ धरेल. अबोलीच्या खोलीत ठेव. पोरीला विरंगुळा."

आम्ही दोघांनी मिळून टाकी उचलून नेली. अबोली पलंगावर बसून पाहत होती. निघताना त्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. बराच वेळ ठेवला. चहा न घेताच गेले.

३

दहा-बारा दिवसांनी माझ्या लक्षात आलं की पानं वाहत्या पाण्यात झुकावीत तशी झुकलेली आहेत.

टाकीत हवेचा छोटा पंप होता, त्यानं थोडी हालचाल व्हायची. पण पंप उजवीकडे आणि पानंही उजवीकडेच, प्रवाहाच्या उलट. प्रकाशाकडे वळली म्हणावं तर खिडकी डावीकडे. मी इंजिनियर माणूस. टाकीचा तळ उताराचा असेल म्हणून लेव्हल लावून पाहिली. बुडबुडा बरोबर मध्ये. मग सगळी टाकी फिरवून ठेवली. ऑफिसातून आलो तेव्हा पानं पुन्हा उजवीकडे होती, पलंगाकडे.

"बाबा, हे प्लँट माझ्याकडे बघतं," अबोली म्हणाली.

"प्लँटला डोळे असतात का?"

"डोळे नाहीत. तरी पण बघतं." तिला गंमत वाटत होती.

एका शनिवारी दुपारी लाइट गेली. नोएडात ते रोजचंच होतं. पंप बंद, कूलर बंद, सगळीकडे शांतता. मी टाकीची काच पुसत होतो. पाणी इतकं स्थिर होतं की वर साचलेला धुळीचा पातळ पापुद्रा जागचा हलत नव्हता. त्या पाण्यात पानं आडवी पसरून थरथरत होती, जोराची ओढ असलेल्या नदीत थरथरावीत तशी.

अबोली स्वयंपाकघरात आईजवळ होती. पानांची टोकं स्वयंपाकघराच्या भिंतीकडे होती. ती तिथून निघाली, तिच्या चपलांचा आवाज पॅसेजमधून बाल्कनीकडे गेला. आणि एकामागून एक, घाई न करता, सगळी पानं बाल्कनीच्या बाजूला वळली. धुळीच्या पापुद्र्यावर सुरकुतीसुद्धा पडली नाही.

मी फडका हातात धरून तसाच उभा राहिलो. मग स्वतःला म्हणालो, माझ्या हाताचा धक्का लागला असेल.

४

एप्रिलमध्ये अबोलीला ताप येऊ लागला. नव्व्याण्णव, शंभर, त्यापुढे नाही. रक्त तपासलं, छातीचा फोटो काढला. सेक्टरातले डॉक्टर म्हणाले, "वायरल है, चलता है आजकल." सकाळी तिची उशी ओली असायची. घाम म्हणावा तर त्याला चिखलाचा वास होता, आटत आलेल्या तळ्याचा. पद्मजानं उशी बदलली, गादी उन्हात टाकली. वास आमच्या खोलीत आला, कारण आता अबोली आमच्यात झोपत होती. मी तिच्या रिकाम्या खोलीत डोकावलो तर पानं आमच्या भिंतीकडे.

ती बोलेनाशी झाली. म्हणजे विचारलं तर उत्तर द्यायची, पण मध्ये इतका वेळ जायचा की आपण काय विचारलं ते आपणच विसरावं. शब्द विसरायची. उंबरठा, पायपुसणं हे तर दिल्लीतल्या आपल्या मुलांना नाहीच आठवत, पण एके दिवशी ती 'पाणी' शब्दासाठी अडली. नळाकडे बोट दाखवत राहिली.

मी ऑफिसातून विश्वनाथरावांना फोन केला. पानांचं सांगितलं.

"हॅलो? ऐकताय ना?"

"प्रकाशाकडे वळत असतील," ते म्हणाले.

"अंधारातसुद्धा? एकदा येऊन बघा ना. अबोलीचंही बरं नाही."

"मार्चअखेरची कामं राहिलीत रे. जमेल तसं येतो."

एप्रिलचा तिसरा आठवडा चालू होता. फोन ठेवता ठेवता मागे मुलीचं हसणं ऐकू आलं, खळखळून, पोट धरून हसावं तसं. अवनी होती. मला आनंद झाला. देवाशप्पथ, तेव्हा मला आनंदच झाला.

५

पुढच्या रविवारी मी ठरवलं, आपणच ओळख पटवायची. ट्रेमध्ये पाणी घेतलं, भिंग काढलं आणि जुडीतलं एक पान बुडापासून खुडलं.

स्वयंपाकघरात अबोली किंचाळली.

धावत गेलो तर ती मोरीजवळ खाली बसली होती, डाव्या हाताची करंगळी घट्ट धरून. पद्मजा म्हणाली, "काहीच लागलं नाही हो हिला. नुसती उभी होती माझ्याजवळ." करंगळीला काही झालं नव्हतं. फक्त ती वाकत नव्हती. गार होती आणि फिकट.

मी खोलीत परत आलो. भिंगाखाली पान पाहिलं. वॅलिसनेरियाच्या पानाच्या टोकाशी बारीक दात असतात, लांबीला समांतर शिरा असतात. हे मला विश्वनाथरावांनीच शिकवलं होतं, पहिल्याच वर्षी. या पानाला दात नव्हते. शिराही नव्हत्या. काहीच नव्हतं, नुसता हिरवा रंग. कॉलेजातलं पोरगंही जिला वॅलिसनेरिया म्हणणार नाही तिला त्या माणसानं भिंग न काढता वॅलिसनेरिया म्हटलं होतं.

मी शर्ट बदलला आणि सरोजिनी नगरला निघालो.

६

क्वार्टरच्या अंगणात अवनी दोरीवरच्या उड्या मारत होती. गाल भरलेले, वेण्या उडताहेत. मी तिच्या डावीकडच्या फाटकातून तिला हाक मारली. तिनं पाहिलं नाही. दोन पावलांवर जाऊन पुन्हा मारली, तरी नाही. मग मी समोर आलो तेव्हा ती दचकली आणि गोड हसली. "काका! आम्ही डेहराडूनला जाणार. बाबांची ट्रान्स्फर झाली."

घरात खोकी बांधलेली होती. कुमुदवहिनींनी दार उघडलं, मला पाहिलं आणि त्यांच्या हातातली सुतळी खाली पडली.

"हे बाजारात गेलेत. येतीलच. बसा ना." त्या माझ्याकडे न बघता आत गेल्या. पाणी घेऊन आल्या नाहीत. त्या घरात असं कधी झालं नव्हतं.

आमच्या रविवारच्या टिपणवह्या एका उघड्या खोक्यात होत्या. त्या वाचायला मला कधी परवानगी लागली नव्हती, अर्धी चित्रं तर माझीच होती. वरची वही मी ओळखली नाही म्हणून उघडली. विश्वनाथरावांचं सुंदर अक्षर. रोजची तारीख, पुढे पानांचा कल, कोनमापकानं मोजलेला. पहिली नोंद मागच्या एप्रिलमधली. बहुतेक नोंदींत फक्त अंश आणि 'अ. कडे' एवढंच होतं, अ. म्हणजे अवनी. मी पुढे चाळत गेलो.

'१४ जानेवारी. तिळगुळाला मंडळी आली. मुलं सात. सहांना प्रतिसाद नाही. दीनाची अबोली खोलीत येताच पानं तिच्याकडे वळली. २० अंश.'

'२१ जानेवारी. अबोलीला मुद्दाम राहायला बोलावलं. ३५ अंश. अ. ला दुपारी ताप नाही.'

'३ मार्च. दीनाकडे पोचवली. मुलीच्या खोलीत.'

'१० मार्च. अ. अंगणात खेळली.'

त्यानंतरची पानं कोरी होती. मोजायची गरज संपली होती.

एकवीस जानेवारी मला आठवत होती. अबोलीला मीच दारापर्यंत सोडून गेलो होतो, अवनीच्या खोलीत डोकावलोही नव्हतो. निघताना वहिनींनी डब्यात गुळाच्या पोळ्या दिल्या होत्या.

७

विश्वनाथराव भाजीची पिशवी घेऊन आले. माझ्या हातातली वही पाहिली. पिशवी जमिनीवर ठेवली आणि खुर्चीत बसले, जणू खूप दिवसांनी बसायला मिळालं.

"सात मुलं होती," मी म्हणालो. "तुम्ही सातही तपासलीत."

ते पिशवीचे बंद गुंडाळत राहिले.

"उपटून फेकता आली असती."

"अर्धी जुडी उन्हात वाळवली होती मी," ते म्हणाले. "तेव्हापासून अवनीला डाव्या कानानं ऐकू येत नाही."

अंगणात दोरी फरशीवर आपटत होती. एक, दोन, एक, दोन.

"मग त्या जोहडात परत सोडायची."

"गेलो होतो. तिथे पाया खणलाय. पाणीच नाही." त्यांनी चष्मा काढला. "दीना, दुसऱ्या मुलाकडे वळल्याशिवाय ती पहिल्याला सोडत नाहीत. इतकंच मला कळलं. का, ते माहीत नाही. काय आहे ते, मला माहीत नाही. मी आयुष्यात असं..."

"नाव तर दिलंत तुम्ही."

त्यांचा चेहरा मी शिवी दिल्यावरही पडला नसता इतका पडला.

"मला सांगितलं असतंत," मी म्हणालो. माझा आवाज मलाच परका वाटला. "दोघांनी मिळून काहीतरी शोधलं असतं. नऊ वर्षं, विश्वनाथराव. माझ्या बायकोच्या अंगात तुमचं रक्त आहे."

"सांगितलं असतं तर तू नेली असतीस का?"

मी दारापर्यंत आलो. आतल्या खोलीच्या पडद्यामागे कुमुदवहिनी उभ्या होत्या. पडद्याखाली त्यांचे पाय दिसत होते. त्या बाहेर आल्या नाहीत.

८

घरी पोचलो तेव्हा दुपारचे तीन वाजले होते. पद्मजा बाथरूममध्ये अबोलीला न्हाऊ घालत होती. ताप असला तरी केसांचा वास सहन होत नव्हता तिला. अबोली पाटावर मान मागे टाकून बसली होती आणि तिचे लांब केस मागच्या टबात सोडले होते.

"इकडे या जरा," पद्मजा म्हणाली. तिनं तांब्या खाली ठेवला होता. हात मागे घेतले होते.

टबातलं पाणी स्थिर होतं. नळ बंद होता. केस पाण्यात सरळ खाली सुटायला हवे होते. ते सगळे एका बाजूला, टबाच्या कडेपर्यंत ताणून आडवे पसरले होते आणि थरथरत होते. ज्या भिंतीकडे पसरले होते तिच्या पलीकडे अबोलीची खोली होती.

पद्मजानं ते हातानं गोळा करून दुसऱ्या बाजूला नेले. सोडले. ते हळूहळू परत गेले.

"आई, ओढू नको ना," अबोली डोळे मिटून म्हणाली.

"मी नाही गं ओढत," पद्मजा म्हणाली.

अबोलीला झोपवून मी पद्मजाला सगळं सांगितलं. वही, सात मुलं, वाळवलेली जुडी, कान. शेवटी मी म्हणालो, "ते जे वागले ते आपण वागायचं नाही. उद्या मी युनिव्हर्सिटीत जातो. एवढी मोठी दिल्ली आहे, कुणीतरी जाणकार असेलच."

"तोवर तिचं काय?"

"दोन दिवस दे मला."

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग उठून कणीक मळायला घेतली.

९

युनिव्हर्सिटीत मी तीन खोल्यांतून फिरलो. खुडलेलं पान बाटलीत नेलं होतं. बाटली उघडली तर आत फक्त हिरवट पाणी होतं. एका वयस्क बाईंनी मी आदल्या रात्री काढलेलं त्या पानाचं चित्र शांतपणे पाहिलं आणि म्हणाल्या, "फूल लाइए, फिर बात करते हैं." बाकीच्यांनी तेवढंही केलं नाही.

दुपारी चारला घरी आलो. दार उघडताच हॉलमध्ये टीव्हीचा आवाज. अबोली केबलवर कार्टून पाहत होती आणि हसत होती. तिनं वळून पाहिलं. "बाबा, आज टेम्परेचर नाही! आईनं दोनदा चेक केलं." करंगळी अजून ताठच होती. तिनं रिमोट त्याच हातात धरला होता.

मी तिच्या खोलीत गेलो. टाकीत पाणी होतं, वाळू होती, दोन गप्पी मासे होते. वाळूत एक खड्डा होता.

पद्मजा दारात येऊन उभी राहिली.

"कुठे गेली?"

"दिली."

पुढचा प्रश्न माझ्या ओठांवर होता. एकाच शब्दाचा प्रश्न. ती तिथेच उभी होती. मी विचारीन म्हणून वाट बघत होती की विचारू नये म्हणून, ते मला आजही सांगता येत नाही. बाहेर अबोली पुन्हा हसली.

मी विचारलं नाही. वाळूतला खड्डा बोटानं बुजवला आणि हात धुवायला गेलो.

१०

मे महिन्यात एका संध्याकाळी जिना चढताना दुसऱ्या मजल्यावर राजीव माथुर दारात उभे दिसले. वर्षभरापूर्वी कानपूरहून आलेलं कुटुंब. नवराबायको आणि एक मुलगी, गुंजन, चौथीतली. आमची ओळख नमस्तेपुरती.

"अरे भाईसाहब!" ते म्हणाले. "भाभीजी ने जो पौधे दिए, क्या कहने! हमारी गुंजन तो दिन भर उन्हीं के पास बैठी रहती है. आइए ना, एक बार देख लीजिए."

दार सताड उघडं होतं. आत ट्यूबलाइटच्या उजेडात मला एका मुलीची पाठ दिसली. ती स्टुलावर बसली होती, काचेला कपाळ टेकून. आमच्या आवाजानं तिनं वळून पाहिलं नाही.

"तबियत थोड़ी ढीली है आजकल," राजीव हसत म्हणाले. "स्कूल से छुट्टी मार रही है. बच्चे हैं. आइए, चाय बनवाता हूँ."

वरून पद्मजानं मला हाक मारली. तिनं आमचं बोलणं ऐकलं होतं, हे त्या हाकेवरूनच कळलं.

मी घड्याळात पाहिलं. "फिर कभी," मी राजीवना म्हणालो आणि जिना चढून वर गेलो.